घोड्यांबरोबर मालवाहू विमानात : लिएज ते हाँगकाँग, जंपसीटवरून

लष्करचा_अश्ववैद्य

मागे एका धाग्यात कुणीतरी विचारलं होतं, मालवाहू विमानात माणसं बसतात का? मी तेव्हा "बसतात, मीही बसतो" एवढंच लिहिलं. त्यावर इतके निरोप आले की आता वेगळा धागाच काढतोय. एका बैठकीत लिहून होणार नाही, मध्ये मध्ये विचारत राहा.

मी जनावरांचा डॉक्टर. घर ग्वाल्हेरला माधवगंजात, पदवी महूच्या व्हेटर्नरी कॉलेजची. सध्या युरोपात घोड्यांची ने-आण करणाऱ्या एका कंपनीत आहे. शर्यतीचे, स्पर्धांचे, पैदाशीचे घोडे आता एका खंडातून दुसऱ्या खंडात विमानानंच जातात. त्यांच्याबरोबर साईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे लागतात, आणि कळप मोठा असला की डॉक्टरही लागतो.

पहिल्यांदा हे सांगतो, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो: या विमानाचं तिकीट मिळत नाही. कितीही पैसे मोजा, मिळत नाही. अमेरिकेच्या विमान नियमांत १२१.५८३ हे कलम आहे. मालवाहू विमानात वैमानिकांखेरीज कोणाला बसता येईल याची त्यात यादीच दिलेली आहे. कंपनीचे कर्मचारी, सरकारी तपासनीस, धोकादायक किंवा मौल्यवान मालाची राखण करणारे, आणि जनावरं सांभाळणारे. इतर ठिकाणचे नियमही साधारण याच वळणाचे. घोडा जातोय म्हणून मी जातोय. घोडा नसेल तर मला त्या शिडीवर पाय ठेवायला कोणी देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

विमान बोइंग ७४७-४०० एफ. रिकामं असताना सुमारे १६५ टनांचं, आणि इंधन-माल भरून जास्तीत जास्त ३९७ टनांपर्यंत उडू शकणारं. नाक वर उचलून उघडतं ते हेच. आत शिरलात की प्रवासी विमानातलं ओळखीचं काही दिसत नाही. खिडक्या नाहीत, खुर्च्या नाहीत, गालिचा नाही. शेपटीपर्यंत एक लांबच लांब दालन, जमिनीत रोलर आणि गोळ्या बसवलेल्या, बाजूला कुलपं. कित्येक टनांचं पॅलेट, म्हणजे माल रचलेला सपाट पाट, चार माणसं हातानं ढकलत नेतात, ते त्या गोळ्यांमुळं. वर कॉकपिटपाशी जायला उभी शिडी. वर वैमानिकांच्या मागे काही खुर्च्या (कॉकपिटमधल्या जादा खुर्चीला जंपसीट म्हणतात), झोपायला दोन बाकं, छोटं स्वयंपाकघर, एक शौचालय. हवाई सुंदरी वगैरे कोणी नाही. सुरक्षेची माहिती सह-वैमानिक देतो आणि ती तो खरोखर देतो, कारण आणीबाणीत इथून उतरायचं म्हणजे छतातल्या झरोक्यातून दोरीच्या रिळाला धरून उतरण्याचीही वेळ येऊ शकते. विमान जमिनीवर उभं असताना त्या झरोक्यातून खाली बघितलं की तीन मजली घराच्या गच्चीवर असल्यासारखं वाटतं.

निघालो बेल्जियममधल्या लिएजहून. हा विमानतळ रात्रभर चालू असतो आणि मालवाहतुकीवरच जगतो. घोड्यांसाठी तिथे विमानतळाच्या आतच तबेला आहे. घोडे आदल्या दिवशी येतात, विसावतात, कागद तपासले जातात, प्रत्येकाची मायक्रोचिप वाचून पासपोर्टाशी ताडून पाहतात. मग स्टॉलमध्ये चढवतात. स्टॉल म्हणजे पॅलेटवर बसवलेली बंदिस्त पेटी. तीन घोडे दाटीनं, दोन ऐसपैस, किंवा एकट्याला पूर्ण. याला आमच्या धंद्यात इकॉनॉमी, बिझनेस आणि फर्स्ट असंच म्हणतात. घोडा जमिनीवरच उतारावरून आत चालत जातो. मग अख्खी पेटी हायलोडरवर, म्हणजे माल वर उचलणाऱ्या यंत्रावर ठेवून दरवाजाच्या उंचीपर्यंत, म्हणजे जवळपास पाच मीटर, उचलतात.

माझ्या मते अख्ख्या प्रवासातली नाजूक वेळ हीच. उड्डाण नव्हे, उतरणं नव्हे. पायाखालची जमीन वर सरकतेय, इंजिनांचा वास, पिवळे फिरते दिवे, आणि अर्ध्या टनाचं जनावर ज्याला पळून जाणं हा एकच उपाय जन्मापासून ठाऊक. तिथे साईस त्याच्या तोंडापाशी उभा राहून म्होरकी धरतो आणि बोलत राहतो. कोणत्याही भाषेत बोललं तरी चालतं. मी मराठीत बोलतो.

चढवण्याचा क्रमही विचार करून लावतात. वळू घोडे पुढे, घोड्या मागे, म्हणजे वास पोचू नये. तरी वळूच्या नाकपुड्यांना व्हिक्स लावतात.

बाकी पुढच्या भागात. जेवायला हाक आली.

सुलभाकाकू

डॉक्टर, फार छान सुरुवात. मला मेलं एकच समजून घ्यायचंय, बारा-बारा तास घोडा उभाच? बसत नाही, झोपत नाही? आणि त्याचं शेण-मूत? आणि तुम्ही जेवता काय तिथे?

गजराज_निवृत्त

वाचतोय. वायुसेनेत होतो, आयएल-७६ या मालवाहू विमानावर. आमच्याकडे त्या विमानाला गजराज म्हणत. रोलर, कुलपं, साखळ्या वाचून हाताला त्याचा स्पर्श झाल्यासारखं वाटलं. सविस्तर नंतर लिहितो.

लष्करचा_अश्ववैद्य

सुलभाकाकू, घोडा उभ्यानं झोपू शकतो. त्याच्या पायांत स्नायूबंधांची अशी कुलूपबंद रचना असते की उभं राहायला फारशी ताकद लागत नाही. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवं व्हावं लागतं, ती झोप विमानात मिळत नाही. म्हणून उतरल्यावर विश्रांती अनिवार्य.

स्टॉलमध्ये खाली लाकडाच्या भुशाचा जाड थर असतो, ओलावा तो शोषतो. पण काही तासांनी अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबायला लागतो, हे खरं. घोड्यांच्या अंगातून उष्णता आणि बाष्पही भरपूर निघतं, म्हणून खालच्या दालनाचं तापमान आम्ही वैमानिकाला सांगून थंड ठेवायला लावतो, पंधरा-सोळा अंशांच्या आसपास. माणसाला स्वेटर लागतो, घोड्याला बरं वाटतं.

जेवण आम्हीच गरम करून घेतो. डब्यातलं भट्टीत टाकायचं आणि खायचं. मी घरून आलेली मुरैन्याची गजक, म्हणजे तीळ-गुळाची मिठाई नेतो. रात्री तीन वाजता कॉकपिटमध्ये ती फार चालते.

आता घोड्याच्या खाण्याबद्दल, कारण आमच्या कामाचा निम्मा भाग तोच. प्रत्येकासमोर वाळल्या गवताची जाळी टांगलेली असते आणि ती संपू द्यायची नाही. घोड्याचं पोट थोडं थोडं, सतत खाण्यासाठी घडलेलं आहे. ते रिकामं राहिलं, पाणी कमी पडलं, की पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळं हा शूळ जीवघेणा ठरू शकतो. चघळण्यामुळं उतरताना कानातला दाबही मोकळा होतो. पाणी बादलीनं, परत परत. काही घोडे परक्या पाण्याला तोंड लावत नाहीत, त्यांच्यासाठी सफरचंदाचा रस घालून पाण्याची चव एकसारखी ठेवतात आणि ती सवय प्रवासाच्या काही दिवस आधीपासून लावतात.

दुसरी काळजी मानेची. चरणारा घोडा मान खाली घालतो तेव्हा श्वासनलिकेतली घाण आपोआप निचरून जाते. मान बांधून वर ठेवली की ती आतच साचते, जंतू वाढतात, आणि दोन दिवसांनी फुफ्फुसाचा ताप येतो. त्याला इंग्रजीत शिपिंग फीव्हर म्हणतात. म्हणून दोर जितका ढिला देता येईल तितका द्यायचा, तास-दोन तासांनी फेरी मारायची, श्वास मोजायचा, नाक बघायचं. खाली जाताना खांद्याला प्राणवायूची छोटी नळकांडी लटकवलेली असते. वरच्यांना सांगितल्याशिवाय शिडी उतरायची नाही.

वंदना_कार्गो

मी मूळची ग्वाल्हेरच्या जीवाजीगंजची, आता मुंबईत फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे लोकांचा माल पाठवण्याची व्यवस्था करण्याच्या धंद्यात. कागदांच्या बाजूनं थोडी भर घालते.

प्रवासी विमानाच्या पोटातही माल जातोच. मग वेगळं मालवाहू विमान कशाला? एक, उंची. प्रवासी विमानाच्या खालच्या कप्प्यात साधारण दीड मीटर उंचीचं काहीतरी बसतं. घोड्याची पेटी, विमानाचं इंजिन, छापखान्याचं यंत्र तिथे मावत नाही. दोन, काही माल प्रवाशांबरोबर न्यायलाच बंदी आहे. त्यावर केवळ मालवाहू विमानासाठी असं नारिंगी लेबल लागतं. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून जात नाहीत.

त्यामागचा इतिहास दुःखद आहे. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या एका ७४७ मालवाहू विमानात आग लागली. आत लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. धुरामुळं वैमानिकांना स्वतःसमोरची उपकरणं दिसेनाशी झाली. दोघंही गेले.

मालवाहू विमानाच्या मुख्य दालनात आग विझवण्यासाठी सहसा वायूचे सिलिंडर नसतात, ते दालनच इतकं मोठं असतं. तिथली पद्धत वेगळी: हवेचा पुरवठा तोडायचा, विमानातला हवेचा दाब सोडून द्यायचा, २५,००० फुटांच्या आसपास राहायचं आणि प्राणवायूअभावी आग दबण्याची वाट बघत जवळचा विमानतळ गाठायचा. वैमानिक मास्क लावून बसतात.

डॉक्टर, एक विचारते. मग खाली घोडे असतील तर?

लष्करचा_अश्ववैद्य

वंदनाताई, तर घोडे वाचत नाहीत. हे मला पहिल्या प्रशिक्षणातच स्पष्ट सांगितलं गेलं. म्हणून घोड्यांबरोबर दुसरा माल कोणता चढतोय याकडे आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. कोरडा बर्फ जनावरांजवळ ठेवत नाहीत, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. विषारी माल दूर. धोकादायक मालाची यादी कॅप्टनकडे सहीला येते तेव्हा ती मीही मागून वाचतो आणि आजवर कुठल्याही कॅप्टननं मला नाही म्हटलेलं नाही.

आणखी एक कठीण गोष्ट यातच सांगून टाकतो. आमच्या पेटीत गुंगीची औषधं असतात, आणि शेवटचं इंजेक्शनही असतं. हवेत घोडा बेफाम झाला, पेटी फोडून बाहेर आला, तर विमानाच्या भिंतीपर्यंत फार अंतर नसतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कहून लिएजलाच निघालेल्या एका ७४७ मध्ये घोडा स्टॉलमधून सुटला. पुन्हा बांधता येईना. कॅप्टननं अटलांटिकवरून विमान वळवलं, वजन उतरवण्यायोग्य करायला सुमारे २० टन इंधन हवेत सोडलं आणि धावपट्टीवर पशुवैद्य तयार ठेवायला सांगून परत आला. वैमानिकाचं आणि नियंत्रण कक्षाचं ते संभाषण तेव्हा जगभर ऐकलं गेलं, बऱ्याच जणांना गंमत वाटली. आमच्या लोकांपैकी कोणालाही वाटली नाही. त्या साईसांनी खाली काय केलं असेल, हे आम्हाला दिसत होतं.

मृण्मयी_जे

सगळं वाचलं. तुमचं प्रेम कळतं, पण स्पष्ट विचारते. शेवटी हे कशासाठी? श्रीमंतांच्या शर्यती आणि स्पर्धांसाठीच ना? ज्या जनावराला गाढ झोप मिळत नाही, ज्याची मान बांधलेली आहे, त्याला अर्ध्या जगापलीकडे न्यायचं समर्थन तुम्ही डॉक्टर म्हणून करता?

इंदूरी_सराफा

मृण्मयीताई, माझं थोडं वेगळं मत. २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धेत आपल्याला ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात, सांघिक सुवर्ण मिळालं, अश्वारोहणात ४१ वर्षांनी. त्या चौघांत आमच्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. ही मुलं युरोपात राहून तयारी करत होती आणि घोडे तिथूनच चीनला गेले. घोड्यांची विमानं नसती तर ते पदक नसतं. आणि २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात फवाद मिर्झा २३ वा आला, तोही घोडा युरोपातूनच गेला होता. माणूस आणि घोडा वर्षानुवर्षं एकत्र तयार होतात, तिथे गेल्यावर दुसरा घोडा घेऊन चालत नाही.

लष्करचा_अश्ववैद्य

मृण्मयीताई, प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर टाळणार नाही.

स्पर्धेतल्या घोड्याबद्दल इंदूरकरांशी मी सहमत आहे. तो घोडा प्रवासाला सरावलेला असतो, त्याच्याबरोबर त्याचा रोजचा साईस असतो आणि बऱ्याचदा शेजारी ओळखीचा घोडाही असतो. रस्त्यानं दोन दिवस ट्रकमध्ये हिंदकळत जाण्यापेक्षा विमानातले तास त्याला सोपे जातात, हे मी नाडी आणि श्वास मोजून सांगतो. पूर्वी घोडे जहाजानं जात तेव्हा आठवडेच्या आठवडे तळघरात उभे असत. कितीतरी वाटेतच मरत.

पण पैदाशीच्या वळूंबद्दल तुमचंच बरोबर वाटतं. शर्यतीच्या थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतन चालत नाही. तसा जन्मलेला घोडा नोंदणीवहीत घेतच नाहीत. मग वळूला प्रत्यक्ष न्यावं लागतं. उत्तर गोलार्धातला हंगाम संपला की ऑस्ट्रेलिया, तिथला संपला की परत. दरवर्षी. हा नियम बदलला तर यातले कितीतरी प्रवास एका रात्रीत अनावश्यक होतील. मी हे माझ्या कंपनीतही बोलतो. नियम बदलणं आमच्या हातात नाही. तोवर जो घोडा चढलाय त्याची मान ढिली सोडणं हातात आहे, ते करतो.

हाँगकाँगचं प्रकरण तिसरंच. तिथे शर्यतीच्या घोड्यांची पैदास होतच नाही. तिथल्या शर्यतीच्या मैदानावर पळणारा एकेक घोडा बाहेरून विमानानं आलेला असतो. त्या शहराचा हा सगळा खेळ हवाई मार्गावर उभा आहे.

मृण्मयी_जे

आभार. पूर्ण पटलं नाही, पण वळूंबद्दलचं माहीत नव्हतं. पुढचं लिहा.

गजराज_निवृत्त

आता माझं लिहितो. ग्वाल्हेरकरांना जनावरांचं विमान नवं नाही, हे या धाग्यात नोंदवायलाच हवं.

१७ सप्टेंबर २०२२. नामिबियाहून आठ चित्ते आपल्या महाराजपुऱ्याच्या विमानतळावर उतरले. मी दीनदयाळनगरात राहतो, सकाळी लवकर अख्खी वसाहत गच्चीवर. विमान ७४७-४००, नाकावर वाघाचं तोंड रंगवलेलं. पण ते मालवाहू नव्हतं. प्रवासी विमान होतं आणि आतल्या खुर्च्या काढून पिंजरे बसवले होते, म्हणजे पशुवैद्यांना पूर्ण प्रवासात चित्त्यांपर्यंत जाता यावं. आधी जयपूर ठरलं होतं, मग ग्वाल्हेर झालं. इथून वायुसेनेच्या हेलिकॉप्टरनं कुनोच्या राष्ट्रीय उद्यानात. दुसरी खेप १८ फेब्रुवारी २०२३, दक्षिण आफ्रिकेतून बारा. ती आमच्या वायुसेनेच्या सी-१७ या मालवाहू विमानानं आणली.

डॉक्टर, तेव्हा वाचलं होतं की चित्त्यांना रिकाम्या पोटी आणलं. तुम्ही म्हणता घोड्याची जाळी रिकामी होऊ द्यायची नाही. हे उलटं कसं?

सी-१७ बद्दल थोडं. त्यात बाजूच्या भिंतीला लागून खुर्च्या असतात, माल डोळ्यांसमोर. लोडमास्टर, म्हणजे मालाची जबाबदारी असलेला माणूस, मालाच्या शेजारी बसून जातो. कॉकपिटच्या मागेही जागा असते. तिथे बसायला मिळालं की तरुण पोरं खिडकी सोडत नसत. पण आमच्या वॉरंट ऑफिसरनं शिकवलं होतं, वर बसलास तरी कान खाली ठेव. साखळी ढिली झाली तर आवाज आधी येतो.

लष्करचा_अश्ववैद्य

काका, तुमचे वॉरंट ऑफिसर अगदी खरं बोलले. आम्हीही तेच करतो. खालून खुरांचा आवाज येतच असतो. एखादा कंटाळून टाप मारतो, ती लय कानाला कळते. लय तुटली, किंवा एकाएकी सगळं शांत झालं, की मी शिडीकडे निघतो.

मांजरकुळातल्या प्राण्याला प्रवासात मळमळ होते, उलटी श्वासात गेली तर संपलं. आणि तसाही तो पोटभर खाऊन मग दोन-तीन दिवस न खाता राहणारा प्राणी. रिकामं पोट त्याला सुरक्षित. घोड्याचं नेमकं उलट. मला ती चित्त्यांची विमानं बघायला मिळाली नाहीत, तेव्हा बाहेर होतो. आईनं गच्चीवरून फोनवर सगळं सांगितलं होतं.

आता वरचं लिहितो, कारण धाग्याचं नाव जंपसीट आहे आणि मी अजून खालीच आहे.

उड्डाण आणि उतरताना खाली कोणी थांबायचं नाही, सगळे वर पट्ट्यात. त्या वेळी कॉकपिटच्या मागच्या खुर्चीवर बसू द्यायचं की नाही ही सर्वस्वी कॅप्टनची मर्जी. बसलात तर नियम साधे. पाच पट्टे बांधायचे, हेडफोन लावायचा, प्राणवायूचा मास्क स्वतः तपासायचा, कशालाही हात लावायचा नाही. दहा हजार फुटांच्या खाली कामाखेरीज एक शब्द नाही. समोर दुसरं विमान दिसलं आणि वैमानिकांच्या लक्षात आलेलं नाही असं वाटलं तर मात्र बोलायचंच, हे बजावून सांगतात.

लिएजहून रात्री निघालो. उड्डाणाच्या आधी कॅप्टननं मागे वळून विचारलं, "घोडे तयार?" यादीतल्या इतर प्रश्नांइतक्याच गंभीरपणे विचारलं. विमान हळू वळवत नेलं. जोर एकदम न देता टप्प्याटप्प्यानं वाढवला, घोड्याला मागच्या पायांवर भार घ्यायला वेळ मिळावा म्हणून. मग एवढं अवजड धूड धावपट्टी सोडतं तेव्हा धक्का बसत नाही, फक्त चाकांचा आवाज थांबतो. चढणही नेहमीपेक्षा सपाट ठेवली.

रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना २०२२ पासून बंद आहे आणि युक्रेनचं तर सगळ्यांनाच. त्यामुळं पूर्वेकडे जाणारा सगळा ओघ काळा समुद्र, जॉर्जिया, अझरबैजान या चिंचोळ्या पट्टीतून जातो. पडद्यावर वरखाली विमानंच विमानं दिसतात. बाकूजवळ कास्पियन समुद्रात तेलविहिरींचे दिवे आणि पेटत्या ज्वाळा, मग एकदम अंधार. ताशी दहा टनांच्या आसपास इंधन जळतं, ठरावीक अंतरानं सह-वैमानिक उरलेलं इंधन कागदाशी ताडून पाहतो. नियंत्रण कक्षाशी बरंचसं बोलणं आता टाइप होऊन येतं-जातं. चीनच्या हद्दीत उंची फुटांऐवजी मीटरमध्ये सांगतात, तेव्हा दोघंही तक्ता बघून एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवतात.

पहाट तिएनशान पर्वतावर झाली. आपण पूर्वेकडे पळतोय म्हणून सूर्यही धावत समोर येतो, रात्र फार आखूड होते. बर्फाची शिखरं आधी निळी, मग गुलाबी. तिसरा वैमानिक झोपून उठला होता, त्यानं मला खिडकीच्या बाजूला सरकवलं आणि शिखरांची नावं सांगितली. मला ती सगळी लक्षात ठेवायची होती पण फेरीची वेळ झाली. खाली गेलो तर रोलरच्या खडखडाटात आणि पिवळ्या दिव्यात एकूण एक घोडा शांतपणे गवत चघळत होता. खाली दिवस उजाडत नाही. त्या दालनाला खिडकीच नाही.

कॉकपिटमधून दिसतं ते फार सुंदर असतं, यात शंका नाही. पण मला विचाराल तर ते पर्वत बघून झाल्यावर खाली उतरून गरम नाकपुडीवर हात ठेवणं आणि श्वास सुरळीत असल्याची खात्री करून पुन्हा वर येणं, हे दोन्ही मिळून तो प्रवास होतो.

उतरण्याची तयारी नेहमीपेक्षा लवकर सुरू झाली. कॅप्टननं हाँगकाँगला आधीच कळवलं होतं, जिवंत घोडे आहेत, हळूहळू उतरू द्या. आम्ही गवताच्या जाळ्या भरून वर आलो. तिथली धावपट्टी ३,८०० मीटरची, तिचा हात राखून न ठेवता पूर्ण वापर केला. ब्रेक अगदी कमी, विमान आपोआप मंदावू दिलं. खालून एकदोन टापा, बस. जागेवर उभं राहिल्यावर कॅप्टन स्वतः शिडीनं खाली आला आणि स्टॉलपासून स्टॉलपर्यंत फिरला.

ओजस_शिंदे_की_छावणी

दादा, मी बारावीला आहे, मला पायलटच व्हायचंय. तुम्ही म्हणता कॅप्टनची मर्जी. मग एखाद्या कार्गो पायलटशी ओळख काढली तर तो मला एकदा नेऊ शकेल का? मी कशालाच हात लावणार नाही.

वंदना_कार्गो

ओजस, नाही नेऊ शकणार, त्याची इच्छा असली तरी. कॅप्टनचा होकार शेवटचा असतो, त्याआधी कंपनीची परवानगी, ओळख तपासणी, प्रवाशांच्या यादीत नाव, उतरण्याच्या देशाचा व्हिसा, सगळं लागतं. यामागे कारण आहे. ७ एप्रिल १९९४ ला मेम्फिसहून निघालेल्या एका मालवाहू डीसी-१० मध्ये कंपनीचाच एक कर्मचारी जंपसीटवर पाहुणा म्हणून बसला होता. नोकरी जाण्याच्या बेतात होती. गिटारच्या पेटीत हातोडे घेऊन आला होता आणि त्यानं हवेतच तिन्ही वैमानिकांवर हल्ला केला. तिघंही गंभीर जखमी, डोकी फुटलेली, तरी त्यांनी त्याला आवरलं आणि विमान परत उतरवलं. त्यातल्या एकालाही पुन्हा कंपनीचं विमान उडवता आलं नाही. मालवाहू विमानात कॉकपिटला बऱ्याचदा प्रवासी विमानासारखं भक्कम दारही नसतं. म्हणून मागे बसणाऱ्यावर पूर्ण विश्वास असावा लागतो.

गजराज_निवृत्त

ओजस बाळा, नाराज होऊ नकोस. एनसीसीच्या एअर विंगची चौकशी कर. आणि रविवारी घरी ये, माझ्याकडे आयएल-७६ च्या लोडिंगच्या जुन्या वह्या आहेत. विमानाचा गुरुत्वमध्य हातानं कसा काढायचा ते दाखवतो. पायलटला ते यायलाच हवं.

ओजस_शिंदे_की_छावणी

येतो काका. नक्की येतो. गणिताची वही आणू का?

गजराज_निवृत्त

आण. पेन्सिलही आण.

सुलभाकाकू

डॉक्टर, माझ्या भाचीनं यंदा व्हेटर्नरीला प्रवेश घेतलाय. तिला हे काम करता येईल का? मुलींना घेतात का हो?

लष्करचा_अश्ववैद्य

काकू, अगदी घेतात. आमच्याकडे साईसांत आणि डॉक्टरांत बायका खूप आहेत.

तिला सांगा, पदवीची साडेपाच वर्षं इंटर्नशिपसकट नीट पूर्ण कर. आपल्याकडच्या अभ्यासात गाय-म्हैस जास्त आणि घोडा कमी असतो, म्हणून सुट्ट्यांत घोड्यांजवळ राहायची सोय बघ. पुण्या-मुंबईकडे स्टड फार्म आहेत, रेसकोर्सवरचे दवाखाने आहेत. घोड्याला शिरेत सुई देणं, नाकातून नळी घालणं आणि अरुंद जागेत त्याच्याजवळ न घाबरता उभं राहणं, या तीन गोष्टी हातात बसल्या पाहिजेत. तिसरी सगळ्यात आधी. त्यानंतर आंतरराष्ट्रीय जनावर वाहतुकीचे आयाटाचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे, नियम वाचायचे, त्याचे अभ्यासक्रमही असतात. इंग्रजी बोलता आलं पाहिजे, धनुर्वाताची लस घेतलेली हवी आणि पासपोर्टात भरपूर पानं.

तिला मला निरोप पाठवायला सांगा. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत कुठे जायचं, ते ठरवू.